गोबर गॅस संयंत्रातून अधिक गॅस कसा मिळवाल?

गोबर गॅस संयंत्र नवे असते तेव्हा घरातील सर्व जण त्याची निगा राखतात. दोन-तीन वर्षांनी मात्र पुष्कळ ठिकाणी वेगळे चित्र दिसते. टाकी शाबूत, घुमट शाबूत, पाइपही शाबूत, पण शेगडी पेटत नाही. घरातील माउली पुन्हा पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या धुरात डोळे चोळत स्वयंपाक करते. कारण विचारले तर "गॅसच येत नाही" एवढे एकच उत्तर मिळते. मग गवंडी बोलावला जातो, घुमटाला पुन्हा गिलावा होतो, पैसे खर्च होतात आणि तरीही गॅस येत नाही. बांधकामात गळती नसेल तर दोष टाकीतील जिवाणूंच्या पोषणात असतो, आणि तो घरच्या घरी दूर करता येतो.

नुकसान किती होते ते आधी पाहू. दोन घनमीटरचे संयंत्र नीट चालले तर महिन्याला सुमारे ६० घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे अंदाजे ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस किंवा साडेतीन किलो जळाऊ लाकूड. म्हणजे महिन्याकाठी २६ किलो, जवळजवळ दोन सिलिंडर, किंवा दोन क्विंटलवर लाकूड. गॅस निम्म्यावर आला तर दर महिन्याला एक सिलिंडर वाया जातो, आणि शेण मात्र तेवढेच लागते.

काटोल तालुक्यातील एक अनुभव

गेल्या हिवाळ्यात काटोल तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराकडे जाण्याचा योग आला. दोन घनमीटरचे दीनबंधू संयंत्र, गोठ्यात पाच जनावरे आणि सहा वर्षे विनातक्रार चाललेली शेगडी. मुलीच्या लग्नानंतर भात, वरण आणि बुंदी मिळून क्विंटलभर अन्न उरले. ते उकिरड्यावर टाकण्यापेक्षा संयंत्रात घालावे असे घरच्यांनी ठरवले. सोबत बागेत गळालेल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या दोन टोपल्याही गेल्या. हेतू चांगलाच होता. जनावराला जास्त चारले की दूध जास्त, तसेच येथेही होईल असा हिशेब.

"सर, चार दिवस गॅस एवढा आला का घुमट फुटते का काय असं वाटलं, अन् मंग एकदम बंद," काकाजी सांगत होते. त्या चार दिवसांतही गॅस भरपूर असून शेगडी नीट पेटत नव्हती. ज्योत भुरभुरायची आणि विझायची. निर्गम कुंडीजवळ उभे राहिलो तर नेहमीच्या मळीचा वास नव्हता, शिळ्या ताकासारखा आंबूस वास होता. सामू मोजण्याची कागदी पट्टी बुडवली तर सामू साडेपाचच्या आसपास निघाला. संयंत्र फुटलेले नव्हते, त्याला अपचन झाले होते.

हे अपचन कसे झाले ते कळले की गॅस वाढवण्याचे बाकीचे सर्व उपाय आपोआप समजतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टाकीत काय घडते

शेणापासून थेट गॅस होत नाही. हे काम तीन टप्प्यांत, वेगवेगळ्या जिवाणूंकडून होते. पहिल्या टप्प्यात काही जिवाणू पाचकरस सोडून शेणातील तंतू, पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ विरघळवतात. दुसऱ्या टप्प्यात आम्लकारक जिवाणू या विरघळलेल्या पदार्थांची आम्ले करतात. त्यात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, प्रमुख असते. सोबत कार्बन डाय-ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. तिसऱ्या टप्प्यात मिथेनकारक जिवाणू ही आम्ले आणि हायड्रोजन खाऊन मिथेन तयार करतात. टाकीतील सुमारे दोन तृतीयांश मिथेन ॲसेटिक आम्लापासूनच येतो. शेगडीत जळतो तो हा मिथेन. चांगल्या गोबर गॅसमध्ये तो ५५ ते ६० टक्के असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डाय-ऑक्साइडचा. तो जळत नाही.

इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली तळ्याच्या गाळातून निघणारा हा जळणारा वायू गोळा करून तपासला होता. तो वायू तयार करणारे जीव इतर जिवाणूंहून मुळातच वेगळ्या कुळातील आहेत, हे अमेरिकेतील कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. आपण सोयीसाठी त्यांना जिवाणूच म्हणू. हेच जीव गाई-म्हशींच्या पोटातील मोठ्या कप्प्यातही राहतात. म्हणूनच शेणाबरोबर त्यांचे विरजण आपोआप टाकीत येते, पण नुसत्या पालापाचोळ्याबरोबर येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आम्लकारक जिवाणू अतिशय झपाट्याने वाढतात, काही तासांतच त्यांची संख्या दुप्पट होते. मिथेनकारक जिवाणू मात्र संथ असतात. त्यांच्यापैकी काहींना दुप्पट व्हायला दोन दिवस, तर काहींना आठवडाभरही लागतो. प्राणवायू त्यांना विषासमान आहे. थंडी त्यांना सोसत नाही आणि आंबटपणाही सोसत नाही. सामू ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असेल तोवर ते सुखात असतात. तो साडेसहाच्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते आणि सहाच्या खाली जवळजवळ थांबते.

काटोलच्या संयंत्रात नेमके हेच झाले. भात-बुंदी म्हणजे आम्लकारकांची मेजवानी. त्यांनी दोन दिवसांत भरपूर आम्ल आणि भरपूर कार्बन डाय-ऑक्साइड तयार केला. घुमट भरला तो न जळणाऱ्या वायूने. एवढे आम्ल पचवण्याइतके मिथेनकारक टाकीत नव्हते आणि त्यांची संख्या चार दिवसांत वाढणेही शक्य नव्हते. आम्ल साचले, सामू घसरला, आणि होते ते मिथेनकारकही निकामी झाले. म्हणून संयंत्राचे खाद्य ठरवताना टाकीत मावेल किती हे पाहू नये. टाकीतील संथ जिवाणूंना पचेल किती हे पाहावे.

मुक्कामाचे दिवस आणि पाण्याची बादली

शेणकाला टाकीत जितके दिवस राहतो त्याला मुक्कामाचा काळ म्हणू. तापमानानुसार आपल्या देशात हा काळ ३०, ४० आणि ५५ दिवस असा धरतात. दक्षिणेकडील उष्ण राज्यांत ३०, महाराष्ट्रात ४० आणि डोंगराळ थंड प्रदेशात ५५. दोन घनमीटर गॅससाठी रोज ५० किलो ताजे शेण लागते. त्यात ५० लिटर पाणी मिसळले की रोजचा काला साधारण १०० लिटर, आणि चाळीस दिवसांचा ४,००० लिटर. टाकीचा पाचक भाग एवढ्याच मापाचा बांधलेला असतो.

आता घरच्या माणसाने काला पातळ बरा म्हणून ५० ऐवजी १०० लिटर पाणी घातले असे समजा. रोजचा काला १५० लिटर झाला. टाकी तीच, म्हणून मुक्काम ४० वरून २७ दिवसांवर आला. शेण अर्धवट कुजून बाहेर पडू लागते आणि त्याच्याबरोबर संथ वाढणारे मिथेनकारक जिवाणूही, त्यांची भरपाई होण्याआधीच, वाहून जातात. निर्गम कुंडीतील मळीला शेणाचाच वास येत असेल आणि तिच्यावर माशा घोंगावत असतील, तर हेच घडते आहे असे समजावे. नीट कुजलेल्या मळीला घाण येत नाही.

शेण आणि पाणी समप्रमाणात घ्यावे ही शिफारस याच हिशेबातून आली आहे. ताज्या शेणात १८ ते २० टक्के घन पदार्थ असतात. तेवढेच पाणी घातले की ते ९-१० टक्क्यांवर येतात. उन्हाळ्यात शेण वाळलेले असेल तर पाणी थोडे वाढवावे. काला हाताने कालवावा, गोळे फोडावेत, काडीकचरा आणि खडे काढावेत. मिश्रण कुंडीत भोक बुजवून कालवायचे आणि दहा मिनिटे थांबून मगच सोडायचे, म्हणजे वाळू कुंडीच्या तळाशी राहते. टाकीत गेलेली वाळू टाकीची जागा खाते, आणि तेवढाच मुक्कामही घटतो.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पाण्याची ओढ असते. अशा वेळी निम्म्या पाण्याऐवजी निर्गम कुंडीतील पातळ मळी गाळून पुन्हा वापरावी. पाणी वाचतेच, शिवाय वाहून गेलेले मिथेनकारक जिवाणू परत टाकीत येतात. मात्र निम्म्यापेक्षा जास्त मळी फिरवू नये, कारण क्षार आणि अमोनिया साचत जातात.

शेणापेक्षा अन्नात गॅस जास्त का?

बऱ्याच जणांना हे ऐकून नवल वाटते. शेण हे जनावराने एकदा पचवलेले अन्न आहे. त्यातील चांगला भाग दूध, श्रम आणि शरीराच्या उबेसाठी आधीच खर्च झालेला असतो. ताज्या एक किलो शेणापासून ४० लिटर, म्हणजे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो. एक किलो कोरड्या पिठापासून मात्र रासायनिक हिशेबाने ०.८ घनमीटरपर्यंत गॅस निघू शकतो. शेणात चार हिस्से पाणीच असते हे लक्षात घेतले तरी कोरड्या मालाच्या तुलनेत हा फरक चौपट आहे.

याच तत्त्वावर पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शिळे अन्न, पीठ, खराब धान्य यांवर चालणारे शहरी घरांसाठीचे छोटे संयंत्र तयार केले. या कामाला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. अशा संयंत्राला रोज किलो-दोन किलो खाद्य पुरते, पण ते मोजूनच घालावे लागते, कारण पिष्टमय पदार्थ फार लवकर आंबतात. शेणात स्वतःचा आंबटपणा आवरून धरण्याची थोडी ताकद असते, ती पिठात नाही. म्हणून शेतकऱ्याने शेण सोडून केवळ अन्नावर संयंत्र चालवण्याच्या फंदात पडू नये. शेणाला अन्नाची जोड द्यावी.

ही जोड कशी द्यावी? रोज ५० किलो शेण जात असेल तर पहिल्या आठवड्यात रोज एक किलो भाजीपाल्याचे टाकाऊ, भात, पोळीचे तुकडे किंवा खराब कणीक बारीक करून घालावी. पुढे दर आठवड्याला एक-एक किलो वाढवत पाच किलोवर थांबावे. तेवढ्यावर रोज अर्धा ते पाऊण घनमीटर गॅस जादा मिळू शकतो. एका शेगडीला ताशी सुमारे ०.४५ घनमीटर गॅस लागतो, म्हणजे जादा गॅसवर तास-दीड तास शेगडी चालेल. हळूहळू वाढवण्याचे कारण वर आलेच आहे. नवे खाद्य पचवणारे जिवाणू वाढण्यास दोन-तीन आठवडे लागतात. लग्नकार्यात उरलेले अन्न असेल तर ते पसरून वाळवावे आणि महिनाभर पुरवून घालावे.

सोयाबीनचे कुटार, गव्हांडा, वाळलेले गवत यांचा मोह टाळावा. त्यांत कर्ब जास्त आणि नत्र फार कमी असते. जिवाणूंना कर्ब व नत्र २५ ते ३० भागांस एक या प्रमाणात लागते. शेणात ते जवळपास तेवढेच असते, गव्हांड्यात मात्र ऐंशी-शंभरास एक. शिवाय कुटार वर तरंगते आणि जाड साय धरते, तिच्याखाली गॅस अडकतो. पऱ्हाटी-तुराट्यांमधील लाकडी भाग तर या जिवाणूंना पचतच नाही. घरात कोंबड्या असतील तर त्यांची विष्ठा थोडी चालेल. ती नत्राने भारी असते, म्हणून जास्त झाली तर अमोनिया साचतो. शौचालय जोडले तर माणशी सुमारे ०.०३ घनमीटर गॅस मिळतो. आकडा लहान आहे, पण स्वच्छतेचा लाभ मोठा. देहूच्या डॉ. मापुसकर यांनी या कामासाठी आयुष्य वेचले. मात्र अशा शौचालयात फिनेल वापरू नये.

संत्र्याची साल

आपल्या भागासाठी हा मुद्दा स्वतंत्र लिहावा लागतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या बागांत गळालेली फळे आणि नागपूरच्या कळमना बाजारात सडकी संत्री ढिगाने दिसतात. त्यांचा गॅस का करू नये, असा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. अडचण सालीत आहे. सालीवरील बारीक पिशव्यांत सुगंधी तेल असते आणि त्याचा फार मोठा भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. झाडाने हे तेल जंतूंपासून बचावासाठीच केलेले आहे, आणि ते मिथेनकारकांनाही सोडत नाही. शिवाय गरात साखर आणि आम्ल. साखर झटपट आंबते आणि साल मिथेनकारकांना दाबते, असा दुहेरी मार बसतो. काटोलच्या संयंत्रात बुंदी-भात नसता आणि संत्रीच जास्त असती तरी निकाल फार वेगळा लागला नसता.

साल काढून नुसता गर रोज किलो-दोन किलो घातला तर चालतो. साल उघड्या खतखड्ड्यात शेण व कुटारासोबत पातळ थरांत टाकावी, तेल हळूहळू उडून जाते. रस काढणाऱ्या कारखान्यांनी आधी सालीतील तेल काढून घ्यावे आणि मगच चोथा पाचक टाकीकडे न्यावा, हाच रास्त क्रम आहे. तेलाला भावही मिळतो.

बागायतदारांनी आणखी एक गोष्ट पाळावी. झाडांच्या बुंध्याला बोर्डो मलम लावल्यावर बादल्या आणि फवारणी पंप धुतलेले पाणी गोठ्याच्या नालीत सोडू नये. त्यातील तांबे या जिवाणूंना मारक आहे. कपड्याच्या सोड्याचे पाणीही तसेच. जनावराला प्रतिजैविकाची इंजेक्शने चालू असतील तर त्याचे शेण तेवढे दिवस वेगळे ठेवावे.

थंडीतील उतार

मिथेनकारकांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत चांगले मानवते. टाकीतील तापमान वीसच्या आसपास आले की गॅस निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. पंधराच्या खाली फारच थोडा मिळतो. नागपूरला डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो. जमिनीखालील घुमटाच्या संयंत्राला माती पांघरूण देते. लोखंडी तरंगत्या टोपीच्या संयंत्राची टोपी मात्र रात्रभर उघड्यावर गारठते, म्हणून त्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

थंडीत सकाळी सहाला विहिरीचे किंवा रांजणातील पाणी घालून काला सोडण्याची सवय बदलावी. काळ्या रंगाच्या पिंपात पाणी भरून उन्हात ठेवावे आणि दुपारी एकच्या सुमारास काला करावा. हिशेब असा : ४५ अंशांचे ५० लिटर पाणी आणि २० अंशांचे ५० किलो शेण मिळून काला सुमारे ३२ अंशांचा होतो. टाकीतील ४,००० लिटर मळी २० अंशांवर असेल तर एवढ्याने तिचे तापमान दिवसाला जेमतेम पाव ते तृतीयांश अंश वाढेल. हा आकडा पाहून पुष्कळ जण हसतात. पण बारा अंशांचा काला रोज सकाळी घातला तर ते दररोज तेवढ्याच प्रमाणात घटत जाते, हेही पाहावे. महिनाभरात दोन्हींतील अंतर बरेच पडते.

बाहेरून राखायची ऊब त्याहून महत्त्वाची. घुमटावर फूटभर जाड कुटार किंवा तणसाचा थर द्यावा, वर काळे प्लास्टिक अंथरून कडेने माती दाबावी. टाकीच्या भोवती दोन-अडीच फूट रुंदीचा खतखड्डा करून त्यात शेण, पालापाचोळा आणि ओला कचरा भरला तर कुजण्याच्या उष्णतेने टाकीच्या भिंती उबदार राहतात. चांगला तापलेला खतखड्डा ५०-६० अंशांवर जातो. आणि संयंत्रावर सावली पाडणाऱ्या बाभळीच्या फांद्या दिवाळीनंतर छाटून टाकाव्यात.

आपल्याकडील आणि बाहेरील सुधारणा

कुजण्याचा गॅस कामाला लावण्याचा प्रयोग आपल्या राज्यात जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या टाकीतील गॅस गोळा करून वापरात आणला होता. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांचे तरंगत्या टोपीचे संयंत्र आले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. १९७८ मध्ये जनता आणि १९८४ मध्ये दीनबंधू नमुना आला. हे बांधकामातील सुधार होते, खर्च कमी करणारे. जिवाणूंच्या बाजूने विचार करणारे सुधार नंतर आले, आणि ते शेतकऱ्यास अजून फारसे ठाऊक नाहीत.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात वर सांगितलेल्या टप्प्यांची फारकत केली आहे. स्वयंपाकघरातील व मंडईतील कचरा दळून पहिल्या टाकीत जातो. तेथे हवा आणि सौर उष्णतेने तापवलेले पाणी देऊन झपाट्याने कुजणे आणि आंबणे उरकून घेतात. नंतर तो मोठ्या हवाबंद टाकीत मिथेनकारकांकडे जातो. आंबट होण्याचे काम वेगळ्या जागी झाल्याने मुख्य टाकी बिघडत नाही आणि मुक्कामही कमी लागतो. पालिका, वसतिगृहे, उपाहारगृहे यांना हा नमुना योग्य.

याच कल्पनेची घरगुती आवृत्ती शेतकऱ्यास करता येते. ५० लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा. त्यात भाजीपाल्याचे तुकडे व अन्न पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवावे. झाकण सैल असावे. आंबलेले हे पाणी रोज एक-दोन तांबे, शेणकाल्यात मिसळून सोडावे. दाणे-तुकडे टाकीत जात नाहीत, साय कमी धरते, आणि ज्योत निळी आहे की भुरभुरते हे पाहून मात्रा कमी-जास्त करता येते.

द्रवरूप टाकाऊसाठी आणखी पुढची युक्ती आहे. पाणी लवकर बाहेर जाऊ द्यायचे, पण जिवाणू आतच धरून ठेवायचे. अमेरिकेत १९६९ मध्ये यंग आणि मॅकार्टी यांनी टाकीत दगड भरून त्यांवर जिवाणूंचा थर वाढवला. हॉलंडमध्ये १९७० च्या दशकात लेटिंगा यांनी दगडही वगळले. पाणी खालून वर सोडले तर जिवाणूंचे दाणेदार गोळे होऊन ते तळाशी टिकतात, असे त्यांना दिसले. या पद्धतीचा मैलापाण्यासाठीचा प्रकल्प १९८९ मध्ये कानपूरच्या जाजमऊ येथे सुरू झाला. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनी आपल्या मळीच्या सांडपाण्यापासून गॅस करतात तोही जिवाणू धरून ठेवण्याच्या अशाच पद्धतींवर. दूध डेअरीचे धुवण किंवा पनीरचे पाणी असेल तर विटांचे तुकडे, बांबूच्या कांड्या अशा आधारावर जिवाणू वाढवणारी टाकी उपयोगी पडते. साध्या शेणाच्या संयंत्रात मात्र असे काही लटकवू नये. शेणातील तंतू अडकून टाकी तुंबते. शेणाच्या संयंत्राला मळी परत फिरवणे एवढेच पुरे.

बाजारात गॅस वाढवणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या मिळतात. माझे मत विचाराल तर त्यावर पैसे घालण्यापूर्वी शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या संयंत्राची दोन पिंपे मळी आणून पाहावी. तेच खरे विरजण, आणि ते आपल्याच हवेला, आपल्याच चाऱ्याला सरावलेले असते. नवे संयंत्र सुरू करतानाही टाकीच्या किमान दहाव्या हिश्शाएवढी अशी मळी घालावी.

आजारी संयंत्राची चिकित्सा

काटोलच्या संयंत्राचे काय केले ते सांगतो. पहिले काम, खाद्य पूर्ण बंद. त्यानंतर टाकीतील सुमारे चौथा हिस्सा आंबट मळी निर्गम बाजूने उपसून खतखड्ड्यात टाकली. शेजारच्या वस्तीवरून ट्रॉलीत सहा पिंपे ताजी चालू मळी आणून सोडली. नंतर चुन्याची निवळी रोज थोडी-थोडी देत सामू ६.८ वर आणला. चुना एकदम टाकू नये. त्याने सामू अचानक उडी मारतो आणि उरलेसुरले जिवाणूही दगावतात. आठवडाभर काहीच घडले नाही. काकाजींचा धीर सुटत चालला होता, माझाही थोडासा. एकोणिसाव्या दिवशी शेगडीवर निळी ज्योत धरली. मग रोज दहा किलो शेणापासून सुरुवात करून, दर चार दिवसांनी दहा-दहा किलो वाढवत, पाचव्या आठवड्यात संयंत्र पूर्ववत झाले.

सामू तपासण्याच्या पट्ट्या शहरातील प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतात आणि फार महाग नाहीत. गावात चार-पाच संयंत्रे असतील तर एक डबी मिळून घ्यावी. पट्टी नसेल तर ज्योत पाहावी आणि मळीचा वास घ्यावा. ज्योत भुरभुरू लागली, गॅस आहे पण पातेले तापत नाही, मळी आंबूस येते, यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी खाद्य निम्मे करावे. या वेळी सावरले तर आठवड्यात काम होते. थांबले तर दीड महिना जातो.

टाकी रिकामी करताना

पाच-सहा वर्षांनी तळाची वाळू काढण्यासाठी टाकी उपसावी लागते. या कामात दरवर्षी कोठे ना कोठे माणसे दगावतात, म्हणून हे लक्षपूर्वक वाचावे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही मिथेन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास येत नाही म्हणून टाकी सुरक्षित आहे असे मानू नये. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून आत दिवा, काडी, विडी काही नेऊ नये.

उपसा शक्यतो वरून बादलीने किंवा पंपाने करावा. झाकण काढून टाकी कित्येक दिवस उघडी ठेवावी आणि पंख्याने आत ताजी हवा घालावी. आतील हवा तपासण्याची सोय असलेल्या माणसाखेरीज कोणालाही आत उतरू देऊ नये. आत कोणी बेशुद्ध पडलाच तर त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. वरूनच हवा द्यावी, कमरेला आधीच बांधलेल्या दोराने त्याला ओढून काढावे, आणि हा दोर धरण्यासाठी दोन धडधाकट माणसे सुरुवातीपासून काठावर उभी असावीत.